पडलं तर पाड

५ जानेवारी, रविवार. सकाळी ११.

निर्णय झाला. हे घर पाडायचं.

वरच्या माझ्या खोलीतल्या बाथरूममध्ये तासभर गरम पाण्याने मस्त अंघोळ करून खाली आलो, तर स्वयंपाकघरात सगळे छताकडे तोंड करून उभे. छतातून पाणी टपकत होतं. एक थेंब हिच्या मानेवर, दुसरा बाबांच्या चहात. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आता डागडुजी बास, मलमपट्टी बास. बाबांनी बांधलेल्या या घराचे दिवस भरले. ते पाडायचं आणि त्या जागी नवीन बांधायचं, माझ्या देखरेखीखाली.

ही म्हणाली, आधी वरच्या बाथरूमला प्लंबर दाखवू. हिला मुळाशी जायची सवयच नाही. कन्या म्हणाली, मग माझ्या परीक्षेचं काय. मी म्हटलं, परीक्षा दरवर्षी येते.

बाबांनी तो थेंब पडलेला चहा तसाच संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि म्हणाले, पडलं तर पाड.

याला मी संमती समजतो.

७ जानेवारी, मंगळवार.

ऑफिसात दिवसभर पाडकामाचा तक्ता केला. नियोजन विभागात बावीस वर्षं काढली ती काय माशा मारायला नाही. चार रंग, बारा दिवस. साहेब मागे येऊन उभे राहिले तेव्हा तक्ता उलटा केला. मागच्या बाजूला बारा दिवसांचा पर्यायी तक्ता होता.

पार्श्वभूमी नोंदवून ठेवतो. बाबा कारखान्यात यंत्रांचे पाये घालायचे. चाळीस टनी प्रेस बसवायचा, तर खाली काय घालावं, हे त्यांना पाठ. घरही त्याच हाताने बांधलं, सुट्टीच्या दिवशी, एकेक वीट स्वतः लावत. आधी स्वयंपाकघर, मग त्यात राहून बाकीचं. नऊ वर्षं लागली. मी वरची खोली एकोणीस दिवसांत उभी केली, तीही बाबा दीड महिना ताईकडे राहायला गेले होते तेव्हा, म्हणजे कुणाच्याही सल्ल्याशिवाय. परत आल्यावर बाबांनी खोलीभोवती एक फेरी मारली आणि कामावर उभं कोण होतं ते विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, मीच. त्याला आता आठ वर्षं झाली.

तक्त्यात ही खोली बाराव्या दिवशी ठेवली आहे. सर्वात मजबूत भाग शेवटी पाडायचा असतो. तोवर तिथे माझी कंट्रोल रूम.

संकल्प: या काळात बाबांवर चिडायचं नाही. हिच्यावरही नाही. कन्येवर प्रसंग पाहून.

११ जानेवारी, शनिवार.

बाबांनी पेटीतून ओळंबा काढला आहे. दोरीला बांधलेलं ते पितळी वजन भिंतीला लावून घरभर हिंडत असतात. खालच्या भिंतींना लावलं आणि मान हलवली. मग जिना चढून वर आले, माझ्या खोलीला लावलं आणि म्हणाले, बोटभर बाहेर गेलीय.

बाबांचे डोळे तपासून घ्यायला हवेत. अठ्ठ्याहत्तर म्हणजे काही कमी वय नाही.

कन्येला तक्ता दाखवला. तिने सगळे रंग छान आहेत म्हणून सांगितलं.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी.

आज पुन्हा गळती. अंघोळ उरकून खाली येतो तो पातेलं निम्मं भरलेलं.

निरीक्षण: रविवारी जास्त गळतं. कारण उघड आहे. त्या दिवशी सगळी माणसं घरात असतात, स्लॅबवर ताण येतो. हिला समजावून सांगितलं. ही म्हणाली, माणसं स्लॅबच्या खाली असतात, वर फक्त तुम्ही असता. मुद्दा भरकटवण्यात हिचा हात कुणी धरणार नाही.

१८ जानेवारी, शनिवार.

तीन दिवस ऑफिसच्या कामाने बाहेरगावी. परत आल्यावर विचारलं. तीन दिवसांत एक थेंब नाही. स्वयंपाकघर ठणठणीत कोरडं.

म्हणजे मी नसताना घर नीट वागतं. याचा अर्थ ते मुद्दाम करतं.

२० जानेवारी, सोमवार. संध्याकाळी.

पाडकामवाला मुकादम येऊन गेला. गल्ली अरुंद आहे, मशीन आत यायचं नाही, सगळं घण आणि पहारीने हाताने करावं लागेल म्हणाला. माणूस कमी बोलतो. त्याच्याकडे एक लोखंडी कांब आहे. ती भिंतीवर ठोकतो, कान लावतो, पुढे सरकतो. खाली सगळीकडे ठोकलं. वर माझ्या खोलीत दोनदाच ठोकलं आणि थांबला. बाबा जिन्यात उभे होते. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघेही बाहेर बघायला लागले. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं.

मला त्याची पद्धत एकदम पसंत पडली. शास्त्रशुद्ध. तिथेच करारात अट क्रमांक एक घातली: जो भाग ठोकल्यावर पोकळ वाजेल, त्यापासून पाडकामास सुरुवात करावी, याबाबत मालकास पुन्हा विचारू नये. कारण मालकाला माहीत आहे की सुरुवात गळक्या स्वयंपाकघरापासून होणार. पण मुकादमाला स्वतः शोधल्याचं समाधान मिळालं पाहिजे. माणसं अशी हाताळावी लागतात.

मुकादमाने दोनदा विचारलं, नक्की असंच लिहायचं का. मी म्हटलं, ठळक अक्षरात. त्याने सही केली, मी केली, साक्षीदार म्हणून बाबांनी केली. बाबांची सही इतकी सुवाच्य मी कधी पाहिली नव्हती.

२५ जानेवारी, शनिवार.

दोन गल्ल्या सोडून भाड्याच्या दोन खोल्यांत मुक्काम हलवला. तक्त्याप्रमाणे एका दिवसात शंभर टक्के सामान हलायचं होतं. प्रत्यक्षात हिने कपड्यांच्या तीन बॅगा, कुकर आणि एक बादली आणली. मोठी भांडी, कपाटं, शिवणयंत्र, कुंड्या, सगळं तिथेच. विचारलं, तर म्हणाली, पाडायच्या आदल्या दिवशी नेऊ. मी म्हटलं, पाडणं येत्या शनिवारी आहे. म्हणाली, हो, तेच.

बाबांनी फक्त ओळंबा आणि चष्मा आणला. रोज सकाळी जुन्या घरी जातात. समोरच्या शिंप्याने त्यांना दुकानाबाहेर खुर्ची टाकून दिली आहे. शिंपी मला म्हणाला, तुमच्या वडिलांचं घर पडताना बघायला नशीब लागतं. मला त्याचा सूर आवडला नाही.

नवी खोली लहान आहे. इथे बाथरूममध्ये तासभर कोणी बसू देत नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार.

उद्या शुभारंभ. पहिला घाव मालकाच्या हातून, म्हणजे माझ्या. फोटो कन्या काढणार. गॉगल विकत आणला. धूळ उडते.

ऑफिसात पंधरा दिवसांची रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं, तर म्हटलं, वडिलांच्या चुका दुरुस्त करायच्या आहेत. साहेबांनी ताबडतोब सही केली.

ही आज दिवसभर तिकडेच होती. सामान हलवतेय असं वाटलं. जाऊन पाहिलं, तर फरशी पुसत होती. पाडायच्या घराची फरशी. संकल्प पाळतोय.

१ फेब्रुवारी, शनिवार.

डाव्या हाताने लिहितो. म्हणून थोडक्यात.

सकाळी नऊ. गॉगल. घण. समोरची भिंत. शिंपी, त्याची दोन गिऱ्हाइकं, मुकादम, त्याची चार माणसं, घरची मंडळी. मी घण डोक्यावरून आणला आणि घातला.

भिंतीला काही झालं नाही. घण परत आला.

उजवं मनगट मुरगळलं. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस जड उचलू नका. पट्टी. फोटोत मी अर्धाच आलोय.

बाबा खुर्चीतून उठून भिंतीपाशी गेले. जिथे घाव बसला तिथे हात फिरवला. मग माझ्या पट्टीवर फिरवला.

३ फेब्रुवारी, सोमवार.

डावा हात.

डॉक्टरांच्या सल्ल्यावरून विश्रांती. देखरेख खाटेवरून. कन्या निरोप नेते, आणते.

मुकादमाने विचारलं, वरून सुरुवात करू का. सांगितलं, अट वाच.

तासाने पुन्हा विचारलं, अटीप्रमाणे वरचीच खोली येते, चालेल ना. हा कामचुकारपणा आहे. वर चढून हवा खायची असेल. सांगितलं, अट क्रमांक एक, शेवटचं वाक्य वाच.

तिसऱ्यांदा कन्या स्वतःच मला म्हणाली, तुम्ही एकदा येऊन बघा ना. मी डोळे मिटून घेतले. नेत्याने प्रत्येक विटेपाशी जायचं नसतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार. दुपार.

डावा हात.

खोली पडली. माझी.

बाबा खाली होते. स्वयंपाकघरात. बरोब्बर खाली.

कन्येने येऊन सांगितलं. धावलो. पायात एकच चप्पल. गल्लीत धूळ, काही दिसेना. बाबांना हाका मारल्या. खूप मारल्या.

दारातून बाबा बाहेर आले. हातात कप. म्हणाले, साखरेचा डबा कुठे हलवलाय.

तिथेच रस्त्यात बसलो. रडू आलं, ते थांबवता आलं नाही. शिंप्याने पाणी आणलं. चांगला माणूस आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार.

अजून डावा. कालच्या प्रकाराचा आढावा.

१. मुकादम म्हणतो, सगळं घर ठोकून पाहिलं, पोकळ एकाच ठिकाणी वाजलं. त्याने माझं टेबल, खुर्ची, पुस्तकं बाहेर काढली. मग दोन घाव घातले. तिसऱ्याची गरज पडली नाही.

२. खालच्या सगळ्यांना बाहेर काढलं होतं. बाबा मागच्या दाराने पुन्हा कधी आत गेले ते कळलं नाही. बाबांना विचारलं, आत का गेलात. म्हणाले, चहाची वेळ झाली होती. अख्खी खोली डोक्यावर पडणार होती, हे माहीत नव्हतं का. म्हणाले, माहीत होतं, पण मधे माझा स्लॅब होता.

३. मुकादमाने राडारोडा बाजूला करून स्लॅब दाखवला. खोलीभर विटा कोसळल्या, स्लॅबला चरा नाही.

४. माझा तक्ता खोलीच्या भिंतीला डिंकाने चिकटवला होता. राडारोड्यात तो अखंड सापडला. त्याच्या मागे भिंत नव्हती.

निष्कर्ष: खोली पाडायला सोपी पडावी अशीच मी बांधली होती. भविष्याचा विचार. बाराव्या दिवसाचं काम चौथ्या दिवशी झालं, म्हणजे आपण आठ दिवस पुढे आहोत.

हे हिला ऐकवलं. ही बराच वेळ पदर तोंडावर धरून बसली. तिला धुळीचा त्रास होतो.

११ फेब्रुवारी, मंगळवार.

उजव्या हाताने लिहिता येतंय. बातमी मात्र लिहिण्यासारखी नाही.

सहा दिवस चार माणसं समोरच्या भिंतीला भिडली आहेत. दोन छिन्न्या तुटल्या, एका घणाचा दांडा गेला. एकूण प्रगती म्हणजे ताटाएवढं एक भोक. तेही आरपार नाही.

काल मुकादमाने आपल्या ओळखीचे दोन गवंडी आणले. मदतीला नाही, बघायला. त्यांनी भोकात हात घालून विटांमधला माल नखाने खरवडून पाहिला आणि बाबांना विचारलं की यात काय घातलं होतं. बाबा तासभर सांगत होते. चारही मजूर काम टाकून ऐकत बसले. माझ्या वेळेवर.

शिंप्याने आणखी दोन खुर्च्या टाकल्या आहेत.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार.

मुकादमाबरोबर बैठक. त्याने हिशेब करून सांगितलं की या वेगाने घर उतरायला चौदा महिने लागतील, आणि जोतं तरीही निघणार नाही, ते तसंच राहील. मी म्हटलं, माणसं वाढव. तो म्हणाला, आहेत तीच यायला तयार नाहीत. का, तर म्हणे असल्या कामावर घण उचलवत नाही.

मी तक्ता पुढे केला. त्याने तो दोन्ही बाजूंनी वाचला आणि घडी घालून परत दिला.

नवीन तक्ता करावा लागेल. चौदा महिन्यांना चार रंग पुरणार नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार.

भाड्याच्या खोलीत सकाळी उठलो, तर कोणी नाही. चिठ्ठीही नाही. जुन्या घरी गेलो. ही स्वयंपाकघरात भाजी चिरत होती. म्हणाली, तिकडच्या ओट्यावर धड पोळपाट मावत नाही. कन्या आतल्या खोलीत अभ्यास करत होती. बाबा त्यांच्या खाटेवर पेपर वाचत होते. कुंड्यांना पाणी घातलेलं.

छत कोरडं. पातेलं जागेवर, रिकामं. रविवार असून, सगळे घरात असून. मुकादमाने राडारोडा उचलताना माझ्या खोलीची पाण्याची लाईन बंद करून टाकली, तेव्हापासून असंच आहे म्हणे.

दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं वाटत नाही. विचार करतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार.

विचार करतोय.

२३ फेब्रुवारी, रविवार.

दुपारी जेवताना सगळ्यांना उद्देशून जाहीर केलं. सर्व बाजूंचा साकल्याने विचार करून मी घर न पाडण्याचा निर्णय घेतला आहे. हा निर्णय सोपा नव्हता. टाळ्यांची अपेक्षा नव्हती, पण निदान कोणी वर बघेल असं वाटलं होतं. ही म्हणाली, वरण घ्या.

कन्येकडून नंतर कळलं की दूधवाल्याला जुन्या पत्त्यावर दूध टाकायला दहा तारखेलाच सांगितलं होतं. पेपरवाल्याला तर बंद करायलाच सांगितलं नव्हतं. भाड्याच्या खोलीच्या मालकाला महिन्याभराचंच बोलून ठेवलं होतं, हिने, जानेवारीत.

म्हणजे भाड्याच्या खोलीत राहायला गेलो होतो तो मी एकटाच.

संकल्प: यापुढे निर्णय आधी हिला सांगायचे. मग तिने घेतलेले असतील तर आपला वेळ वाचेल.

१ मार्च, शनिवार.

बाबांनी समोरच्या भिंतीतल्या भोकात टपालपेटी बसवली. चपखल बसली. मी म्हटलं, आकार मीच ठरवून दिला होता. बाबा म्हणाले, बरोबर आहे.

मग मी विचारलं. कधीच विचारलं नव्हतं. एवढ्याशा घराला यंत्राचा पाया कशाला घातला. नऊ वर्षं कशाला घालवली. तुम्हाला कधी सुट्टी घेऊन कुठे गेलेलं मी पाहिलं नाही.

बाबांनी थापी पाण्यात घातली. म्हणाले, स्लॅब ओतला तेव्हा तू चार महिन्यांचा होतास. आम्हाला राहायला तेवढंच होतं, तुझी झोपायची जागा बरोब्बर खाली. कारखान्यात वरून काय काय पडतं ते रोज बघत होतो. तुझ्या अंगावर काही पडू नये एवढंच बघितलं. जरा जास्तच बघितलं असेल.

लाज वाटली, फार वाटली. गेले दोन महिने मी त्यांच्या डोक्यावर घर पाडायला निघालो होतो आणि ते रोज शिंप्याच्या दारात बसून बघत होते. थापी धुऊन द्यायला हात पुढे केला. त्यांनी दिली.

मग म्हणाले, वर परत खोली हवी असेल तर बांधू. या वेळी मी उभा राहतो. मी विचारलं, किती दिवस लागतील. बाबा म्हणाले, दिवसांत कशाला मोजतोस.

२ मार्च, रविवार. सकाळी ११.

खालच्या न्हाणीघरात तासभर अंघोळ. कोणी दार वाजवलं नाही. बाहेर आलो, तर स्वयंपाकघरात सगळे छताकडे तोंड करून उभे. मुद्दाम. मीही वर पाहिलं. थेंब नाही.

गळती माझ्या बाथरूमची होती. आठ वर्षं. हे इथे लिहून टाकतो, कारण हे कोणी वाचत नाही. बाहेर सांगायचं ते मी ठरवून ठेवलं होतं आणि लगेच सांगितलंही, की पाडायची नुसती धमकी दिली तरी घराला वचक बसतो. कन्या खोकत बाहेर गेली.

बाबा म्हणाले, बस, चहा गार होतोय. माझी खुर्ची नेमकी त्या जागी ठेवली होती, जिथे थेंब पडायचा.

बसलो. वर एकदाही बघितलं नाही.